उजवीकडून चार इंच

भातसानगर
१४ जानेवारी २०२४

सतीश,

जयभीम. पत्र पुठ्ठ्यावर लिहिलंय म्हणून हसू नको. फोटोच्या माऊंटची खिडकी कापली की मधे जो चौकोन पडतो, तो हा. चांगला कोरा, जाड पुठ्ठा आहे, टाकवत नाय.

फोनवर मापं विचारली की तू कंपनीत जाता जाता काहीतरी सांगतोस आणि संध्याकाळी म्हणतोस, तसं नव्हतं. म्हणून आता सगळं लिहून. गावातल्या शेखरची पिकअप भेंडी घेऊन शहापूरच्या बाजाराला येतेच, त्याच्याकडं पाकीट दे. हे बाजारातून घेऊन येतील.

आबांचा रिटायरमेंटचा फोटो आठवतो ना, माझ्याकडं होता तो? पावसाळ्यात काचेला ओल सुटली आणि फोटो काचेला चिकटला. परवा फ्रेम उघडली तर आबांचा डावा गाल काचेबरोबर निघाला. मी तिथंच बसून रडले. नंतर कळलं की काच आणि फोटो यांच्यामधे हा खिडकी कापलेला पुठ्ठा ठेवतात, म्हणजे एकमेकाला टेकत नाय. शहापूरच्या फ्रेमवाल्याला विचारलं तर म्हणतो, बाई, इथं कोणी माऊंट मागत नाय, साधी फ्रेम घ्या. म्हटलं राहू दे. अठरा वर्षं लोकांचे ब्लाऊज कापते, मला काय चार सरळ रेषा कापता येणार नाय?

दहा मार्चला आबांचा वर्षदिन. विहारात मला सात फोटो लावायचे आहेत, सगळे माऊंट करून. दोन महिने पण नाय उरले आणि माझा जीव आत्ताच वरखाली होतोय. घरातल्या फोटोंची मापं लवकर पाठव. आईचे गुडघे कसे आहेत ते पण लिही.

ताई

*

वैशाखरे
२० जानेवारी

ति. ताईस जयभीम.

आईचे गुडघे तसेच. सकाळी ऊन आलं की बरं म्हणते. मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत, तुझ्या भावजयीनं, पिंकीनं टेप धरली आणि मी वाचलं, त्यामुळं भांडण तिच्याशी कर.

एका फोटोचं मात्र नीट ऐक. विहाराच्या उद्घाटनाचा, आपल्या सगळ्यांचा. आईच्या पेटीतून निघाला, लुगड्यात गुंडाळलेला. तू म्हणशील तो भिंतीवर कधीच नव्हता. होता. ती घर सोडून गेली त्या दिवशी आबांनी स्वतः काढून ठेवला. मी शोधत होतो कारण त्याच्यात आबा हसतायत. बाकी सगळ्या फोटोंत आबा पासपोर्टला बसल्यासारखे आहेत.

स्टुडिओवाल्यानं फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून दिलेला आहे, निघत नाय, हलत नाय. पुठ्ठा सोळा बाय बारा. डावीकडं टोकाला मी, मग आबा, आई, तू आणि उजवीकडं टोकाला ती. तुझा माऊंट असा काप की ती झाकली जाईल. कातरी लावायची नाय असं आईनं बजावलंय आणि फोटो घराबाहेर पण नेऊ देत नाय. तेव्हा तू तिथं काप, मी इथं बसवतो.

हे एवढं काम कर ताई. विहारात दोनशे माणूस येईल. प्रत्येकजण बोट दाखवून विचारेल, ही कुठं आहे, हिला कळवलं का. मला त्या दिवशी ते नको.

सतीश

*

भातसानगर
२७ जानेवारी

सतीश,

काळजी करू नको, झाकते. सख्खी बहीण असली तरी तिचं तोंड त्या दिवशी तिथं दिसायला मला पण नको. सतरा वर्षांपूर्वी दिपेशबरोबर लग्न करून गेली तेव्हा मी तिच्या बाजूनं आबांशी भांडले होते, तुला माहीत आहे. आपल्यातला नाय तर नाय, पोरगा कष्टाळू आहे, म्हटलं होतं मी. आबा माझ्याशी पण चार महिने बोलले नव्हते. पण बाप मरणाला टेकला, तू फोन केलास, ‘बघते’ म्हणाली, आणि आली नाय. मातीला पण नाय. किन्हवली काय दुबईला आहे? सरळगावला एक गाडी बदलली की वैशाखरं. मी त्या दिवशी शेवटपर्यंत रस्त्याकडं बघत होते. ते मी तिला माफ करणार नाय.

असो. आता कामाचं बोल. दोन पुठ्ठे फुकट घालवले. पातं पंचेचाळीस अंशात तिरकं चालवावं लागतं, म्हणजे खिडकीची कड उतरती आणि पांढरी दिसते. हातानं ते तिरकं राहीना. मग यांनी कॉलनीतल्या सुताराकडून सागाचा एक ठोकळा तिरका तासून आणला, त्याला पातं लावलं. आता रेघ बरी येते. पण कोपरे छळतात. थोडं आधी थांबलं तर कोपऱ्यात पुठ्ठा अडकून राहतो आणि ओढला की फाटतो. थोडं पुढं गेलं तर कोपऱ्याबाहेर चीर दिसते. यांना दोन वेळा जेवण उशिरा मिळालं. हे म्हणतात, धरणाचे दरवाजे उघडायला एवढा हिशोब लागत नाय.

मला त्या फोटोची मापं पुठ्ठ्याच्या कडेपासून पाहिजेत. डावीकडून किती, उजवीकडून किती, वरून, खालून. पाव इंच सुद्धा सोडू नको.

ताई

*

वैशाखरे
२ फेब्रुवारी

ताई,

डावीकडून सव्वादोन. उजवीकडून चार. वरून सव्वादोन, खालून सव्वादोन. उजवीकडं चार घेतलं की ती पूर्ण जाते, फक्त तुझ्या खांद्यावरचा तिचा हात राहतो. बोटंच दिसतात, कोणाला कळणार नाय.

घाई कर. चुलते आत्ताच येऊन विचारून गेले कार्यक्रमाचं.

सतीश

*

भातसानगर
११ फेब्रुवारी

सतीश,

घे तुझा माऊंट. आजपर्यंतचा सगळ्यात चांगला झालाय. चारही कोपरे स्वच्छ, एक चीर नाय. प्रत्येक बाजूला नवीन पातं वापरलं. बारीक पॉलिश पेपरनं कड घासली. खालच्या पट्टीवर मी काळ्या शाईनं लिहिलंय, कालकथित बुधाजी सोनू उबाळे, १९४८ ते २०२३. अक्षर बघ माझं, शाळेत असताना असं आलं असतं तर बाईंनी मारलं नसतं.

पाकीट मी दोन फळ्यांमधे बांधलंय. शेखरला सांग, भेंडीच्या क्रेटवर ठेवू नको, ओल लागेल. पुढं सीटवर ठेव.

बोटांचं तू लिहिलंस ते मला आठवतच नव्हतं. तिनं खांद्यावर हात ठेवला होता का माझ्या? असेल. माझी साडी नवीन होती आणि मी तिला म्हणत होते, चुरगळेल, हात काढ.

बसवलास की कळव. तोपर्यंत मला काय सुचणार नाय.

ताई

*

वैशाखरे
१३ फेब्रुवारी

ताई,

मनात होतं तर तोंडावर सांगायचं. असं करायचं नव्हतं.

काल संध्याकाळी आई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोरच पाकीट सोडलं, फोटो मांडला आणि त्याच्यावर तुझा माऊंट ठेवला. मी गायब. आबा, आई, तू, आणि ती. पूर्ण, पायाच्या चपलांपर्यंत. डावीकडं चार इंच, उजवीकडं सव्वादोन. जसं सांगितलं त्याच्या बरोबर उलट. फिरवून बघितला तर आबांचं नाव डोक्यावर, उलटं.

आईनं शेंगा बाजूला केल्या, हात पदराला पुसले आणि फोटो मांडीवर घेऊन बघितला. मग म्हणाली, रत्नानं पोरीला बोलावलं. मी म्हटलं, आई, चुकलंय ते. ती म्हणाली, रत्ना कापण्यात चुकत नाय.

आता फोटो आणि माऊंट दोन्ही तिच्याकडं आहेत. कणगीला टेकून उभा केलाय आणि त्याच्यासमोर बसून जेवते. आज शेजारची धोंडूबाई आली तर तिला दाखवला. धोंडूबाई लगेच मला म्हणते, मग प्रेमा येतेय ना दहा तारखेला?

तू मोठी आहेस म्हणून बोलत नाय. पण मला फोटोतून काढायचं आणि तिला ठेवायचं, हे काय बरं केलं नाय.

सतीश

*

भातसानगर
१५ फेब्रुवारी

सतीश,

अरे बाबा, आधी श्वास घे.

तुझं पत्र वाचलं आणि धावत जाऊन कागद काढला. डावीकडून सव्वादोन, उजवीकडून चार, मी तसंच आखलं. पण माऊंट पाठीमागून कापतात रे. पुठ्ठा पालथा ठेवायचा, मागच्या बाजूला पेन्सिलनं आखायचं आणि मागूनच पातं चालवायचं, म्हणजे रेघा पुढं दिसत नाय. पालथ्या पुठ्ठ्यावर माझी डावी ती तुझी उजवी. आत्तापर्यंत कापलेल्या सगळ्या खिडक्या मधोमध होत्या, काही फरक पडला नाय. हीच पहिली एका बाजूला सरकलेली. आणि मी आयुष्यभर ब्लाऊज कापलेत, ते कापड दुमडून कापतात, डावं उजवं एकदमच निघतं. माझ्या डोक्यात हे शिरलंच नाय. नुसते कोपरे बघत बसले.

तेव्हा मी मुद्दाम केलं नाय. आईची शपथ. तू गायब झालास हे वाचून मी हसले, ते मात्र खरं आहे. चिडू नको.

दुसरा कापून देते, पुठ्ठे आहेत अजून. पण सतीश, एक विचारू? चूक होती, पुठ्ठ्याची होती. त्याच्यावर तू एवढा का उसळलास? तुझ्या अक्षराकडं बघ, कागद फाटलाय दोन ठिकाणी.

आणि आईनं तिला बघून हात पुसले हे वाचल्यापासून मला चैन नाय. मशीनवर बसते आणि उठते. वर्षभर मी तिच्यावर धुमसतेय, पण तुझं तिच्याशी फोनवर नक्की काय बोलणं झालं हे मी कधी विचारलंच नाय. काय म्हणाली ती? ‘बघते’ म्हणाली म्हणजे कशी म्हणाली? रडली का? आबांचं काही विचारलं का? तिचे शब्द जसेच्या तसे लिही.

ताई

*

वैशाखरे
१९ फेब्रुवारी

ताई,

चुकून झालं असेल तर ठीक. रागात लिहिलं, सोडून दे.

पण नवीन माऊंट लगेच पाठव, आईची समजूत मी काढतो. ती आता उठता बसता तिचंच नाव घेते. आज विचारत होती, तिची मुलगी कितवीला असेल. मला कसं माहीत असणार.

फोनचं काय लिहू. त्या दिवसांत दवाखान्यात रेंज नव्हती, फोन नीट लागतच नव्हता. वर्ष झालं, कोणाला शब्द आठवतात. त्या गोष्टी आता उकरून काय मिळणार आहे.

डावीकडून सव्वादोन, उजवीकडून चार. यावेळी पालथं बघून आख.

सतीश

*

भातसानगर
२२ फेब्रुवारी

सतीश,

आबा गेले तेव्हा अंगणात सगळ्यांसमोर तू सांगितलंस, कळवलं होतं, ‘बघते’ म्हणाली. आता लिहितोस, फोन लागत नव्हता.

दोन्हीतलं एक खरं असेल. ते लिही. तोपर्यंत मी पुठ्ठ्याला हात लावणार नाय.

ताई

*

वैशाखरे
२५ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तू वाच आणि जाळून टाक, नाहीतर ठेव, तुला वाटेल ते कर. पिंकीला पण हे माहीत नाय. तीन दिवस मी लिहितोय आणि फाडतोय.

मी फोन केला नव्हता.

कल्याणच्या दवाखान्यात आबांना चौथा दिवस होता. मी पाय चोळत होतो. आबा म्हणाले, प्रेमाला बोलाव रे. मला आधी वाटलं भ्रमात बोलतायत. परत म्हणाले, सतीश, प्रेमाला बोलाव. मी म्हटलं, बोलावतो. मोबाईल घेऊन बाहेर व्हरांड्यात गेलो. नंबर होता माझ्याकडं, शेखरकडून घेतलेला, कधीचा. नंबर काढला, त्याच्याकडं बघत उभा राहिलो आणि मोबाईल खिशात ठेवला. खाली जाऊन चहा प्यायलो. वर आलो तर आबांनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, बघते म्हणाली.

ते ‘बघते’ तिथलं आहे ताई. ते मी आबांना सांगितलं. आबांनी मान हलवली. त्यानंतर दोन दिवस ते होते आणि दोन दिवस दाराकडं बघत होते. नर्स आली तरी मान उचलायचे. मला दिसत होतं. तरी मी फोन केला नाय.

का, ते तुला सांगायचा प्रयत्न करतो. ती गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आबा त्या वर्षी कोणाशी बोलत नव्हते, त्यांचा सगळा राग माझ्यावर निघायचा. कॉलेज सोडलं मी. शेती बघितली, मग कंपनीत लागलो. त्यांचं ऑपरेशन, आईचे गुडघे, सगळं मी. एकदा तरी म्हणतील, सतीश, तू केलंस. नाय म्हणाले. आणि शेवटी नाव घेतलं तिचं. त्या व्हरांड्यात मला भयंकर राग आला होता. मला वाटलं, उद्या करू. राग उतरला की करू. आणि मग उद्या राहिला नाय.

अंगणात सगळ्यांनी विचारलं तेव्हा तेच तोंडातून निघालं. एकदा बोललो ते बोललो. तू तिला शिव्या देत होतीस आणि मी गप्प बसून ऐकत होतो.

म्हणून मला ती भिंतीवर नको होती. प्रेमाताई. तुझा माऊंट ठेवला आणि माझ्या जागेवर पांढरा पुठ्ठा आणि समोर ती माझ्याकडं बघतेय. मला वाटलं तुला सगळं कळलं आणि तू मला मुद्दाम काढलंस. ते बरोबरच होतं असं पण वाटलं.

काय करायचं ते सांग. तू बोलशील ते करतो.

सतीश

*

भातसानगर
३ मार्च

सतीश,

तुझं पत्र मिळाल्यावर मी दोन दिवस मशीनला हात लावला नाय. हे विचारत होते, तब्येत बरी नाय का. काय सांगणार. तुला हाताला धरून उभं करावं आणि थोबाडीत द्यावी असं वाटत होतं. आबा दाराकडं बघत होते हे तू लिहिलंस ना, ते मला आता मरेपर्यंत दिसणार. तुझ्यावर किती काय पडलं ते मला माहीत आहे, मी लग्न करून इकडं आले आणि सुटले, त्याची लाज पण वाटते. पण तू जे केलंस ते त्यानं लहान होत नाय.

गुरुवारी मी किन्हवलीला गेले. एकटी. हातात काही नव्हतं, जाताना विकत घ्यायचं पण सुचलं नाय.

प्रेमा अंगणात बसून भेंडी निवडत होती. सरळ, बोटाएवढी एका क्रेटमधे, वाकडी दुसऱ्यात. मला बघितलं आणि उठली नाय. म्हणाली, ये ताई, बस, हे संपवते, शेखर येईल गाडी घेऊन. मी पण बसले आणि निवडायला लागले. आपली पाकिटं दर खेपेला तिच्या दारातून गेली आहेत सतीश. शेखर आधी तिथं माल भरतो आणि मग शहापूरला येतो. तिनं एकदा विचारलं होतं, पुढच्या सीटवर काय आहे एवढं जपून. आबांच्या वर्षदिनाचं, म्हणाला. तेव्हा तारीख तिला माहीत होती. तिनं मला सांगितलं, दहाला ना? मी त्या दिवशी घरात बत्ती लावणार होते.

आबा गेल्याचं तिला तिसऱ्या दिवशी किन्हवलीच्या बाजारात कळलं. वांगी घेताना. कोणीतरी म्हणालं, तुझे वडील गेले ना गो. ती म्हणाली, हो, आणि वांगी घेऊन घरी आली. हे सांगताना ती रडली नाय. मीच रडले. वर्षभर तिला काय काय बोलले मी मनात.

मग क्रेट भरला तेव्हा तिनं विचारलं, ताई, आबांनी शेवटी माझं नाव काढलं होतं का?

मी म्हटलं, काढलं. दोनदा. बोलाव म्हणाले.

ती म्हणाली, मग मला कोणी का नाय सांगितलं?

माझ्या तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, ते सतीश सांगेल. खोटं मला बोलवत नव्हतं, आणि खरं सांगायचं काम माझं नाय. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुढं विचारलं नाय. तिला काय कळायचं ते कळलं असेल, नसेल. मी तिला म्हटलं, दहाला ये. ती बराच वेळ हाताची भेंडीची खाज धूत बसली. मग म्हणाली, येते. राहायचे कपडे आणू का? मी म्हटलं, आण.

नवीन माऊंट बरोबर पाठवलाय. डावीकडून सव्वादोन, उजवीकडून सव्वादोन. पाचही माणसं आत. आईच्या हातात दे, तिला बसवू दे.

रविवारी मी सकाळी लवकर येऊन विहारात फोटो लावायला घेईन, मला फाट्यावर येता येणार नाय. प्रेमाला आणायला तू जायचं. माळशेजकडं जाणारी एसटी, साडेनऊच्या सुमाराला. एकट्यानं जा.

ताई

*

वैशाखरे
५ मार्च

ताई,

माऊंट आईकडं दिला. तिनं जुना काढला, नवीन ठेवला, पाचही जणांना एकदा बोटानं मोजलं आणि म्हणाली, काच आण. तुझ्या आधीच्या माऊंटमधून कापलेला, तू पत्र लिहिलेला तुकडा होता ना, त्याच्यावर तिनं पापड वाळत घातलेत.

आईला मी सांगितलं. काल. तिला आधी सांगावं असं वाटलं. तिनं ऐकलं आणि मला जेवायला वाढलं.  तेव्हापासून मी समोर आलो की आत जाते.

मला कंपनीत हात चालत नाय. दोन दिवस सुट्टी टाकली. काल उगाच फाट्यावर जाऊन आलो, साडेनऊची गाडी बघितली, कोण कोण उतरतं ते बघितलं आणि परत आलो. परवा पण जाईन बहुतेक.

मी असं ठरवलंय. तिला उतरवून घेतो, पिशवी घेतो, मोटारसायकलवर बसवून आधी घरी आणतो. चहापाणी होईल, आईची भेट होईल. मग विहारात कार्यक्रम, वंदना, जेवण. सगळे गेले की संध्याकाळी निवांत बसून सांगतो. तेव्हा ती आईच्या जवळ असेल, जरा बरं असेल तिला. आल्या आल्या सांगितलं तर सगळ्या दिवसाची वाट लागेल असं वाटतं. तुला काय वाटतं ते लगेच लिही, शेखरला मी पुढच्या खेपेला उत्तर घेऊनच यायला सांगितलंय.

सतीश

*

भातसानगर
७ मार्च

सतीश,

नाय. संध्याकाळी नाय. ती दिवसभर आपल्या घरात बसून जेवेल, आईच्या गळ्यात पडेल, तुला भाऊ म्हणेल, आणि मग तू सांगणार? ते परत एकदा केल्यासारखं होईल.

उतरली की तिथंच सांगायचं, फाट्यावर. गाडी पुढं गेली की लगेच. मोटारसायकल लांब लाव. पाया पडू नको आणि रडू नको, तुझं रडणं आवरायला ती येत नाय. ‘आबांनी तुझं नाव घेतलं आणि मी तुला फोन केला नाय’, एवढं बोल आणि गप्प उभा राहा. ती किती वेळ गप्प बसेल तेवढा वेळ.

आणि पिशवी तिच्या हातातून घेऊ नको. तू घेशील, तुझी सवय मला माहीत आहे. ऐकून झाल्यावर तिला परत फिरावंसं वाटलं, तर स्वतःची पिशवी तुझ्याकडं मागायची वेळ तिच्यावर येऊ नये.

ताई